आधी पेन्सिल, मग स्लायडर : फोटो एडिटिंग शिकण्याच्या प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५

डिजिटल फोटो एडिटिंग पद्धतशीर शिकायचं, त्यासाठी ही वही. कुठलं टूल कुठे असतं आणि कुठला स्लायडर काय करतो हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यांतले बरेच चांगलेही आहेत. पण ते बघून झाल्यावर स्वतःचा फोटो उघडला की पुढे काय करायचं ते सुचत नाही. व्हिडिओतला निर्णय दुसऱ्या कुणी, दुसऱ्या फोटोसाठी आधीच घेतलेला असतो. मला तो निर्णय घ्यायला शिकायचं आहे.

प्रेरणेचंही तसंच. सुंदर फोटो पाहिला की हुरूप येतो, पण हात तयार होत नाही. मूळ फाइल कशी होती आणि तिथून इथवर काय काय घडलं, हे दिसतच नाही. म्हणून पहिलं काम ठरलं: जिथे मूळ, अंतिम आणि मधला निर्णय असं तिन्ही उघडं दिसतं अशा जागा शोधायच्या. हुरूप तिथूनच घ्यायचा आणि शिकवणीही तिथूनच.

८ एप्रिल

सॉफ्टवेअर निवडण्यात फार वेळ घालवायचा नाही. रॉ फाइलसाठी (कॅमेऱ्याने नोंदलेला, प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) डार्कटेबल, लेयरच्या (एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) कामासाठी गिंप. दोन्ही मोफत. गिंपची ३.० आवृत्ती गेल्याच महिन्यात आली. तिच्यात फिल्टर लावल्यानंतरही तो पुन्हा उघडून बदलता येतो. शिकणाऱ्याला याचा फार उपयोग, कारण काल घेतलेला निर्णय आज पुन्हा तपासता येतो. डार्कटेबल तर मूळ फाइलला हातच लावत नाही. केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं.

ज्यांच्याकडे फोटोशॉप किंवा लाइटरूम आहे त्यांनी तेच वापरावं. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, पण लेयर आले १९९४ मध्ये, ३.० आवृत्तीत, तोवर माणसं लेयरशिवाय काम करत होती. लेयर, मास्क (बदल कुठे लागू व्हावा ते ठरवणारा पडदा), कर्व्ह (उजेडाच्या पातळ्या वरखाली करणारी रेघ) आणि ब्लेंड मोड (दोन थर कसे मिसळायचे ते) एवढ्या कल्पना पक्क्या झाल्या की एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाणं अवघड नाही. उरतात ती मेनूंची नावं.

१३ एप्रिल

हवी तशी पहिली जागा सापडली, आणि ती डिजिटल नाहीच.

मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेत पाब्लो इनिरिओ यांनी बरीच वर्षं डार्करूम प्रिंटर म्हणून, म्हणजे अंधाऱ्या खोलीत नेगेटिव्हवरून कागदावर फोटो उतरवण्याचं, काम केलं. त्यांच्या कामाच्या प्रिंट प्रसिद्ध झालेल्या आहेत. त्यांतली एक डेनिस स्टॉक यांच्या फोटोची आहे: १९५५, पावसाळी टाइम्स स्क्वेअर, ओव्हरकोटात चालत येणारा जेम्स डीन. हा फोटो कितीदा तरी पाहिलेला होता. इनिरिओंच्या प्रिंटवर मात्र त्याच फोटोवर रेघा, वर्तुळं आणि आकडे आहेत. कुठल्या भागाला किती जादा प्रकाश द्यायचा, कुठला भाग झाकून कमी द्यायचा, याचा नकाशाच. चेहऱ्याचा विचार वेगळा, कोटाचा वेगळा, रस्त्याचा वेगळा, आकाशाचे तर पट्टे पाडलेले.

डार्करूममध्ये कागदावर जास्त प्रकाश पडला की तो भाग काळा होतो, त्याला बर्न करणं म्हणतात. प्रकाश अडवला की भाग उजळ राहतो, ते डॉज करणं. फोटोशॉपमधल्या त्या दोन टूलांची चिन्हं आजही तीच आहेत: तारेला लावलेली गोल चकती आणि बोटं वळवून प्रकाशाला वाट देणारा हात.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो कामाचा क्रम. आधी साधी प्रिंट काढायची. ती बघायची. तिच्यावर पेनने लिहायचं. मग एन्लार्जरकडे, म्हणजे नेगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राकडे, वळायचं. डार्करूममध्ये हे करावंच लागतं, कारण दर प्रयत्नाला कागद आणि वेळ जातो. स्क्रीनवर तसं काही जात नाही, म्हणून आपण विचार न करता स्लायडर हलवत सुटतो आणि जिथे डोळ्याला जरा बरं वाटेल तिथे थांबतो.

आजपासूनचा नियम: फोटो आहे तसा साध्या कागदावर छापायचा, आणि काय करायचं ते पेन्सिलने त्यावर लिहून झाल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. आकड्यांऐवजी साधी वाक्यं चालतील. ‘डावा कोपरा लक्ष खेचतो, दाबायचा.’ ‘डोळे उजळ, कपाळ नको.’

१४ एप्रिल

पहिला नकाशा काढला. खिडकीशी बसून वाचणाऱ्या माणसाचा फोटो. कागदावर वीसेक मिनिटं गेली, स्क्रीनवर त्याहून कमी. पडदा पांढरा फटक पडला होता आणि नजर तिथेच जात होती. पडदा खाली आणताच पुस्तक आपोआप पुढे आलं. पुस्तकाला हातही लावावा लागला नाही. उजळ करायचं असलेल्या गोष्टीच्या शेजाऱ्याला दाबणं हा उपाय स्लायडर हलवत बसल्यावर मला कधी सुचला नसता.

२२ एप्रिल

शेजाऱ्याच्या त्या परिणामाचा छडा लावला. फ्रेंच रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्हरल गोबलाँच्या विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतो. यावरचं त्यांचं संशोधन १८३९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच विषयातलं आजचं गाजलेलं चित्र एडवर्ड ॲडेलसन यांचं, १९९५ चं: बुद्धिबळाच्या पटावर सिलिंडरची सावली, त्यात एक चौकोन गडद दिसतो आणि एक फिका. गिंपमध्ये उघडून आयड्रॉपरने (ठिपक्याचा रंग आकड्यात दाखवणारं टूल) मोजलं. दोन्हींचा आकडा एकच. आकडा वाचल्यानंतरही ते डोळ्यांना सारखे दिसत नाहीत.

डोळा ज्ञानानेही दुरुस्त होत नाही, हे एडिटिंग शिकणाऱ्याने पहिल्याच महिन्यात स्वतः मोजून पाहावं. मग हिस्टोग्राम (फोटोत कुठला उजेड किती आहे त्याचा आलेख) आणि आयड्रॉपर यांच्याकडे बघायची दृष्टी बदलते.

डोळ्यांची आणखी एक सवय: रंगाच्या झाकेशी ते काही मिनिटांत जुळवून घेतात. पिवळट फोटोवर बराच वेळ काम केलं की तो पांढरा वाटू लागतो. म्हणून सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी तटस्थ राखाडी ठेवली. मॉनिटर कॅलिब्रेटरने (स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण) दिवसाच्या उजेडासारख्या ६५०० केल्विनला जुळवला आणि ब्राइटनेस बराच खाली आणला. प्रिंटशी ताळमेळ हवा असेल तर १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरतो. नव्या स्क्रीन बहुधा त्याच्या दुपटीहून जास्त उजळ असतात. तेवढ्या उजेडात ठीक वाटणारा फोटो कागदावर अंधारा येतो. कामाच्या वेळी खोलीतला उजेडही रोज तोच ठेवायचा.

३ मे

रंग शिकायला सर्वांत चांगली शाळा मला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मिळाली.

सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हे रशियन छायाचित्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन साम्राज्यभर फिरले आणि रंगीत फोटो काढले. रंगीत फिल्म तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हती. ते एका लांबट काचेवर एकापाठोपाठ एक तीन कृष्णधवल फोटो घ्यायचे: एक निळ्या फिल्टरमधून, एक हिरव्या, एक लाल. तीन रंगांची ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच दाखवून दिली होती. प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या काचा लायब्ररीने १९४८ मध्ये त्यांच्या वारसांकडून विकत घेतल्या आणि पुढे स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या केल्या.

एक स्कॅन उतरवून घेतला. वरपासून खाली निळा, हिरवा, लाल, असे तीन राखाडी फोटो. तिन्ही कापून वेगवेगळ्या लेयरवर ठेवले. प्रत्येकावर त्याच्या शुद्ध रंगाचा मल्टिप्लाय (गुणाकार) आणि वरच्या दोन लेयरना ॲडिशन (बेरीज) मोड. मग बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवत जुळवत गेलो. कडांवरच्या लाल-हिरव्या किनारी बारीक होत होत नाहीशा झाल्या आणि शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा दिवस रंगांसकट समोर आला. हा आनंद ज्याने त्याने स्वतःच्या हाताने मिळवावा. पाणी आणि धूर मात्र जुळतच नाहीत, त्यांत इंद्रधनुषी डाग राहतात, कारण तीन फोटोंच्या मधल्या काही क्षणांत ते हललेले असतात.

दुसरी काच बुखाऱ्याचे अमीर आलिम खान यांची, १९११ ची. अंगावर झगझगीत निळा झगा. निळ्या फिल्टरच्या फोटोत झगा उजळ आहे, लालमध्ये गडद. चेहऱ्याचं बरोबर उलटं: लालमध्ये उजळ आणि मऊ, निळ्यामध्ये गडद आणि खरखरीत.

एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर चॅनल मिक्सर (लाल, हिरवा, निळा यांचा वाटा कमीजास्त करणारं टूल) समजावून घ्यावा लागला नाही. पोर्ट्रेट कृष्णधवल करताना लाल चॅनलचा वाटा वाढवला की त्वचा नितळ का होते, निळ्याचा वाढवला की प्रत्येक डाग का उठून दिसतो, आकाश गडद करायला लालच का लागतो, या सगळ्यांची उत्तरं त्या एका काचेवर आहेत. मी तर म्हणेन, रंगाच्या कुठल्याही कोर्सआधी अशा दोन काचा जुळवाव्यात.

११ मे

स्टॅनफर्डचे माजी प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांची डिजिटल फोटोग्राफीवरची व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. क्रम लावून बघायला सुरुवात केली. एडिटिंगचा कोर्स म्हणून ती दिलेली नाहीत, पण स्लायडरच्या मागे काय चालतं ते कळतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या रंग-फिल्टरच्या बहुतेक जाळ्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटप्रमाणे असतात: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. उरलेले रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे रॉ फाइल उघडण्याच्या क्षणीच सॉफ्टवेअरने अर्थ लावायला सुरुवात केलेली असते.

आजचं गणित वहीत ठेवतो. १४ बिट रॉ म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) त्यांतल्या निम्म्या, ८,१९२ पायऱ्या मिळतात, पुढच्याला ४,०९६, असं करत करत गडद सावल्यांच्या वाट्याला मोजक्याच उरतात. सावल्या खूप वर ओढल्या की नॉइज (दाणेदारपणा) वर येतो, त्याचं एक कारण हे. दुसरं, तिथे मुळात प्रकाशच थोडा पोचलेला असतो. आठ बिटांच्या जेपेगमध्ये तर एका चॅनलला सगळ्या मिळून २५६ पायऱ्या. आकाशावर कर्व्ह लावला की पट्टे पडतात ते म्हणून. काम सोळा बिटांत करायचं, आठवर यायचं ते एक्सपोर्टच्या वेळी.

१८ मे

फक्त कर्व्ह. बाकी सगळी टूल बंद ठेवून दिवसभर तेवढंच. कॉन्ट्रास्टसाठी एस आकार दिला की रंगही भडकतात, कारण तीन चॅनल एकमेकांपासून आणखी दूर जातात. त्याच कर्व्हचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी केला की रंग जागेवर राहतात आणि उजेड तेवढा बदलतो. कधी कधी तो भडकपणा हवासाही असतो. म्हणून नकाशावर लिहिताना नुसतं ‘कॉन्ट्रास्ट’ लिहायचं नाही. ‘उजेडाचा’ की ‘रंगासकट’ तेही लिहायचं.

१ जून

गेले काही दिवस ज्याच्यात बुडून गेलो आहे तो संग्रह: एमआयटी आणि ॲडोबीच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला फाइव्हके. स्वयंचलित टोन-सुधारणेच्या संशोधनासाठी तो बनवला गेला. पाच हजार रॉ फोटो, आणि त्यांतला प्रत्येक फोटो पाच जणांनी स्वतंत्रपणे एडिट केलेला. हे पाच जण कलाशाळेतले फोटोग्राफीचे विद्यार्थी होते. ए, बी, सी, डी, ई एवढीच त्यांची ओळख.

मूळ फाइल आहे, अंतिम फोटो आहेत, तेही एकाच फोटोचे पाच. मी शोधत होतो त्याहून हे जास्त आहे.

अभ्यासाची पद्धत अशी बसवली. आधी मूळ फोटो पाहायचा आणि स्वतःचा नकाशा काढायचा. नकाशाप्रमाणे एडिट करायचं. त्यानंतरच पाचांचं काम उघडायचं आणि प्रत्येकाचा नकाशा उलट्या दिशेने लिहून काढायचा: याने काय पाहिलं असेल, काय वाचवायचं ठरवलं असेल, काय सोडून दिलं असेल. या कामाला वेळ लागतो, आणि खरं शिक्षण इथेच होतं. एकाच संध्याकाळच्या फोटोत एकाने सावल्या उघडून माणसं दाखवलेली असतात, दुसऱ्याने त्यांना काळ्या आकृत्या होऊ दिलेलं असतं आणि सगळा जीव आकाशात ओतलेला असतो. दोन्ही फोटो पटतात. न पटणारा फोटो बहुधा तो असतो ज्यात सगळंच थोडं थोडं सुधारलेलं आहे.

बरीच पानं भरल्यावर पाचांच्या सवयी दिसू लागल्या. कोण व्हाइट बॅलन्स (पांढऱ्याची छटा) उबदार करतो, कोण काळा बिंदू (सर्वांत गडद पातळी) वर ठेवतो, कोणाचा हात हलका. स्वतःच्या सवयी दिसायलाही हाच उपाय आहे. आपलं काम चार जणांच्या शेजारी ठेवल्याशिवाय आपला कल कळत नाही. माझा कल मध्यम उजेड वाढवून फोटो सपाट करण्याकडे आहे. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवलं.

जाता जाता: नंतरच्या अनेक संशोधनांत आपोआप एडिट करणाऱ्या पद्धतींना ‘सी’चं काम प्रमाण म्हणून देऊन शिकवलं गेलं. अशा ठिकाणी ‘ऑटो’चं बटण दाबलं की एका विद्यार्थ्याची आवड आपल्या फोटोवर उतरते. ती आवड चांगली आहे. पण ती एकाच माणसाची आहे.

७ जून

पाच जण कायम मिळणार नाहीत, म्हणून एका मैत्रिणीला ओढून घेतलं. दर आठवड्याला एकच रॉ फाइल दोघांनी एडिट करायची, नकाशासह. आज पहिली अदलाबदल झाली. फोटो ढगाळ हवेतल्या रिकाम्या मैदानाचा.

“आकाश एवढं गडद कशाला केलंस? तिथे काहीच नाही.”

“पाऊस आता येईल असं वाटायला हवं.”

“मग गवताकडे बघ ना. पावसाआधी गवत जास्त हिरवं दिसतं. तू त्याचाही रंग काढून घेतलास.”

तिचं म्हणणं पटलं. आकाश तसंच ठेवून गवताला मास्कने थोडा रंग परत दिला आणि माझ्या नकाशावर जे वाक्य होतं ते फोटोत दिसू लागलं. तिने तिचा क्रॉप (कापून ठरवलेली चौकट) बदलला तो माझ्या फोटोवरून. दोघांनी ठरवलं आहे की ‘छान’ हा शब्द अदलाबदलीत वापरायचा नाही. कुठे आणि का, एवढंच बोलायचं.

१५ जून

त्वचा. या विषयाला सगळा आठवडा दिला आणि आणखी द्यावा लागेल.

तटस्थ प्रकाशात त्वचेचा लाल आकडा सर्वांत मोठा, मग हिरवा, मग निळा. माणसागणिक उजळपणा खूप बदलतो, पण रंगछटा बरीचशी नारिंगीच्या एका अरुंद पट्ट्यात राहते. व्हिडिओच्या व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणारा गोल आलेख) त्वचेची म्हणून एकच रेघ असते, ती यामुळे. तेव्हा छटा आकड्यांवरून तपासायची आणि उजळपणा त्या माणसावरून.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. रंगीत प्रिंटच्या प्रयोगशाळांत यंत्रं जुळवायला कोडॅककडून संदर्भचित्रं यायची, त्यांना शर्ली कार्ड म्हणत. त्यांवर वर्षानुवर्षं गोरी स्त्री असायची. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचं कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं. यंत्र गोऱ्या चेहऱ्यावर जुळलेलं, म्हणून सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे कित्येक प्रिंटमध्ये हरवत गेले. आजच्या प्रीसेटमध्येही (आधीच ठरवून ठेवलेल्या स्लायडरच्या संचांत) हाच धोका आहे. गोऱ्या त्वचेवर बेतलेला प्रीसेट सावळ्या चेहऱ्यावर लावला की चेहरा राखाडी होतो किंवा नको इतका उजळतो. चेहरा उजळ करणं म्हणजे सुधारणं, असं मानणारं एकही शिकवणीचं साहित्य मी या प्रकल्पात ठेवणार नाही. गडद त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत आहे, कपाळावर आणि गालांच्या हाडांवर प्रकाश जिथे सरकतो तिथे. सगळा चेहरा वर उचलला की ती चमक जाते. हायलाइट (सर्वांत उजळ भाग) जपायचे, मधला भाग जिथे आहे तिथे राहू द्यायचा.

२९ जून

किती बदलायचं, याची मर्यादा आज लिहून टाकली. त्यासाठी मागे जाऊन वाचलं.

गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास काही सागरदृश्यांत आकाश एका नेगेटिव्हवरून घेतलं आणि समुद्र दुसऱ्या. त्या काळचं कोलोडियन (नेगेटिव्हच्या काचेवरचा थर) निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील, समुद्र नीट आला की आकाश जळून पांढरं पडायचं. आपण आज दोन एक्सपोजर मिसळतो ते याच अडचणीसाठी. ॲन्सेल ॲडम्स पियानो शिकलेले होते. नेगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते सांगत. त्यांचा १९४१ चा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो पाहावा: सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात ढगांच्या रेघा आहेत, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळं. नेगेटिव्ह तेच. त्यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर बसवलेली झोनची पद्धतही नकाशात घेतली: शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा, मधला राखाडी पाच. आता पेन्सिलने ‘गडद’ लिहीत नाही, ‘तीनवर’ लिहितो.

ही झाली उजेडाची गोष्ट. वस्तू हलवणं किंवा पुसणं हे वेगळं. डोरोथिया लँग यांच्या १९३६ च्या स्थलांतरित मातेच्या फोटोत कोपऱ्यात एक अंगठा होता, तो नंतर नेगेटिव्हवर पुसट करण्यात आला. सरकारी दस्तऐवज म्हणून काढलेल्या फोटोत असं करणं त्या विभागाच्या प्रमुखाला रुचलं नव्हतं. नॅशनल जिऑग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ आणले गेले, आणि त्यावर मोठा वाद झाला. वर्ल्ड प्रेस फोटो आता अंतिम टप्प्यातल्या स्पर्धकांकडून मूळ फाइल मागवून तपासतं.

माझी मर्यादा: जो फोटो ‘हे असं घडलं’ म्हणून दाखवायचा, त्यात उजेड, रंग, क्रॉप आणि सेन्सरवरची धूळ, एवढंच. त्यापलीकडे काही केलं तर ते फोटोखाली लिहायचं.

१२ जुलै

डॉज-बर्नचा रियाज चालू आहे. दोन कर्व्ह लेयर, एक वर ओढलेला, एक खाली. दोन्हींचे मास्क काळे. मऊ पांढरा ब्रश, फ्लो (ब्रशचा जोर) पाच ते दहा टक्के. वर एक तात्पुरता कृष्णधवल लेयर, म्हणजे रंग मध्ये येत नाहीत. फोटो छोटा करून लांबून पाहायचा, मग जवळ जायचं, पुन्हा लांब.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनही शिकलो. त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंग-उजेड दुसऱ्यावर, असं ते तंत्र. कपड्यावरचा डाग किंवा भिंतीवरचा ओघळ घालवायला उत्तम. चेहऱ्यावर मात्र ते इतकं सोपं पडतं की माणसाच्या गालावरचे चढउतारच पुसले जातात. चेहऱ्यासाठी मी डॉज-बर्नवरच राहणार. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात तो चेहरा नीट पाहिला जातो.

२० जुलै

आपोआप मास्क करणारी नवी टूल तपासली. आकाश, माणूस, केस एका क्लिकमध्ये वेगळे होतात. पूर्वी यात तासच्या तास जात. मास्कसाठी ती खुशाल वापरावीत. कडा मात्र शंभर टक्के झूम करून बघायच्या, विशेषतः केस आणि पानं. आकाश आपोआप बदलून देणारं टूल या प्रकल्पात नाही.

२ ऑगस्ट

निवडलेले फोटो आज मोठ्या मॅट (चमक नसलेल्या) कागदावर छापून घेतले. छापण्याआधी त्या कागदाच्या आयसीसी प्रोफाइलने (कागदावर रंग कसे उतरतात याचं वर्णन करणारी फाइल) सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रूपाचा स्क्रीनवरचा अंदाज, पाहिलं होतं. मॅट कागदाचा काळा ग्लॉसीइतका (चकचकीत कागदाइतका) खोल जात नाही, त्यामुळे शून्य, एक आणि दोन हे झोन एकमेकांत मिसळतात. त्यासाठी सावल्यांचा वेगळा कर्व्ह फक्त प्रिंटसाठी ठेवला; स्क्रीनच्या फाइलला तो नको.

ज्या काकांनी बरीच वर्षं डार्करूममध्ये प्रिंटचं काम केलं, त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी चष्मा काढून प्रत्येक प्रिंट आधी उलटी धरून पाहिली. विचारलं तर म्हणाले, “सरळ धरली की तुझी माणसं दिसतात. उलटी धरली की उजेड कुठे साठलाय ते दिसतं.” मैदानाच्या प्रिंटवर थांबले. “गवत बरोबर आहे. ही खालची कड अजून उजळ आहे, नजर बाहेर जाते. अर्धा स्टॉप दाब.” खिडकीच्या फोटोवर काही बोलले नाहीत, तो बाजूला ठेवून दिला, निघताना म्हणाले, हा पुन्हा ग्लॉसीवर काढून आण.

खालची कड अर्धा स्टॉप खाली घेतली. फाइल उलटी फिरवून पाहायची शॉर्टकट कळ डार्कटेबलमध्ये लावून घेतली. मैत्रिणीला पुढच्या आठवड्याची रॉ फाइल पाठवली: रात्रीचा रस्ता, दोन वेगळ्या रंगांचे दिवे, एकच व्हाइट बॅलन्स पुरणार नाही असा. खिडकीच्या प्रिंटसाठी ग्लॉसी कागदाचं प्रोफाइल उतरवून ठेवलं आहे.